कमी पाहिलेलं आकाश

चहाचे कप बाजूला सारून मुलीने दोन नकाशे जेवणाच्या टेबलावर पसरले. पहिल्यात आकाशाच्या एका बाजूला मोठा लाल ठिपका होता. दुसऱ्यात तो नव्हता.

अवकाशातून येणारे अतिवेगवान कण सगळ्या दिशांनी सारखे येत नाहीत, त्या लाल भागातून जास्त येतात, असं वडील आयुष्यभर सांगत आले होते. ते मोजायला त्यांनी माळावर पाण्याच्या टाक्या उभ्या केल्या होत्या. कणांचा मारा पाण्यात शिरला की उजेड चमकायचा आणि यंत्र तो टिपायचं. आता वेधशाळा मुलीकडे होती. परवा वडिलांचं निरोपाचं व्याख्यान होतं, तेही याच ठिपक्यावर. चारचौघांत त्यांचं हसं होण्याआधी सांगणं भाग होतं.

"दुरुस्तीला टाक्या बंद करायचात ना, बाबा, त्या नेहमी उन्हाळ्यात आणि दिवसाच. तेव्हा डोक्यावर असलेलं आकाश दरवर्षी थोडं कमी पाहिलं गेलं. म्हणून उरलेल्या बाजूने जास्त कण येतायत असं वाटलं."

"दोन-चार टाक्यांनी काय होतंय, म्हणून मी ते धरलंच नाही."

"दरवर्षी त्याच दिवसांत केलं की होतं. ते धरलं आणि ठिपका गेला."

वाद घालण्यात वडिलांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती तयारीनेच आली होती. पण त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही नकाशे पुन्हा पाहिले आणि मान हलवली.

"बरोबर आहे तुझं. परवा मीच सांगतो."

तिला हायसं वाटलं, आणि मग रागच आला.

"पण उन्हाळाच का? माळावर पाय भाजायचे. आलटून पालटून केलं असतं तर हे झालंच नसतं. एवढी साधी गोष्ट तुमच्या लक्षात येऊ नये?"

"एरवी तुझी शाळा असायची," वडील म्हणाले.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या टाकीत अनवाणी उतरून ती तळ घासायची आणि वडील वरून पाण्याचा पाइप तिच्यावरच धरायचे. संध्याकाळी दोघं भिजलेली घरी आली की आई दोघांनाही फैलावर घ्यायची. सबंध वर्षात वडील तिच्या वाट्याला यायचे ते तेवढेच.

बराच वेळ ती नकाशाची कड सरळ करत राहिली.

"परवा कुणी कारण विचारलं तर?"

"सांगेन, सोयीचं पडायचं म्हणून," वडील म्हणाले.