बकुळाचा भाऊ

पोस्टकार्ड वाचलं आणि अंजनाच्या पायाखालची जमीनच सरकली. कोपर लागून शाईची दौत कलंडली, नव्या पानावर काळं तळं झालं, तरी तिचं तिकडं लक्ष गेलं नाही.

तसं पाहिलं तर पत्र साधंच होतं. अक्षर वाटोळं, कोपऱ्यात फूल काढलेलं. 'ताई, बकुळासारखी मी पण फणी सोडली. आमचा थोरला भाऊ, अण्णा, मिलिट्रीत गेलाय, तो लवकर यावा म्हणून. आता माझे केस चिकटून दोरीसारखे झालेत. आजी म्हणते, देवीची जट आली. माघी पुनवेला मला सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन देवीला सोडणार आहेत. नवा परकर शिवलाय. तुम्ही खूश झाला ना? तुमची मालू, इयत्ता सहावी.' खाली संकेश्वरजवळच्या एका खेड्याचा पत्ता.

देवीला सोडणं म्हणजे काय, हे त्या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नसे. जटेत देवी बसते, जट आलेली पोर देवीची. गळ्यात मणी बांधले की तिचं लग्न व्हायचं नाही. पुढं वयात आली की गावातला जो पैसेवाला मागेल त्याच्या वाट्याला. अंजनाची सख्खी आत्या गुणाबाई अशीच सोडलेली. नंतर घरानं बौद्ध धर्म घेतला, देव्हारासुद्धा उचलून टाकला, पण आत्याचं आयुष्य काही परत आलं नाही. जट हा शब्द त्या घरात शिवीसारखा होता. आणि त्याच घरातल्या पोरीनं अकरा महिने, दर महिन्याला, चित्रकथेतून तीच जट नटवून मुलींच्या हातात दिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

पण अंजनाला ती जट वाटलीच नव्हती. ती सतरा वर्षांची असताना मुरगाव बंदरात काम करणाऱ्या मावसभावानं एक रेडिओ आणला होता. तो गुंडाळला होता जपानी मुलींच्या एका मासिकात. अक्षर एक कळत नव्हतं, पण चित्रांनी तिला वेड लावलं. मुलींचे डोळे बशीएवढे, डोळ्यांत चांदण्या, आणि केस तर चौकटीबाहेर सांडणारे. ते मासिक मागून पुढं वाचायचं असतं हे तिला कितीतरी वर्षांनी कळलं. तोवर उलटंसुलटं बघूनच ती शिकली आणि बेळगावच्या खासबागेत छापल्या जाणाऱ्या 'कर्दळ' या मुलींच्या मासिकाकडं चित्रकथा पाठवू लागली. आज, त्र्याऐंशी सालात, ती निपाणीच्या शाळेत चित्रकलेची बाई होती, पण बेळगावपासून कोल्हापूरपर्यंत पोरी तिला ओळखत त्या 'बकुळा'मुळं. भाऊ परत येईपर्यंत केसांना फणी लावणार नाही, असा पण केलेली बकुळा. दर अंकात तिचे केस अधिक गुंतत, अधिक देखणे होत. अंजना ते हौसेनं काढी, एकेक बट तासभर.

खरी मेख पुढंच आहे. बकुळाचा भाऊ सहाव्या भागातच घरी आला होता. अंजनानं तशी पानं काढून दिली होती. संपादक परशरामआप्पांनी ती परत केली. "अंजनाबाई, एवढ्यात कशाला आणताय त्येला? पोरींची पत्रं बघा की, पोतं भरलंय. जरा थांबवा." आणि अंजनानं थांबवलं. आप्पांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. पोतंभर पत्रं तिलाही गोडच लागली होती.

पौर्णिमा चार दिवसांवर होती. ती पानं पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती निघाली.

मालू उंबऱ्यातच बसली होती. उजव्या कानामागून मनगटाएवढा राठ दोर लोंबत होता, त्याला हळद-कुंकू फासलेलं. बकुळाच्या केसांतलं देखणेपण त्यात औषधालासुद्धा नव्हतं.

"ताई! तुमी आलासा?" 'कर्दळ'मधल्या फोटोवरून ओळखून पोरगी हरखून उठली. आत तिची आई जयाबाई भाकरी थापत होती. आजी यल्लव्वा सुपात तांदूळ निवडत होती.

अंजनानं यल्लव्वाला सगळं समजावलं. न विंचरल्यानं केस चिकटतात, देवीचा काही संबंध नाही, कापले की झालं.

म्हातारी ताडकन उठली. "कापायचं? जटंला कात्री लावली तर घर बसंल आमचं! तिचा अण्णा तिकडं बंदुकीपुढं हाय, ठावं हाय न्हवं? कोण हात लावतंय बघतो मी!"

जयाबाईची भाकरी मात्र तव्यावर करपली.

मग अंजना मालूपुढं बसली आणि पिशवीतली पानं काढली. "हे बघ. बकुळाचा भाऊ आला. तिनं केस कापले. तिचा पण संपला."

मालूनं पानं दोनदा चाळली. "ह्ये छापलेलं न्हाय."

"पुढच्या महिन्यात छापतील."

"मग तवा बघू." कडेला घातलेली तारीख वाचून तिच्या कपाळाला आठी पडली. "पर ताई, ह्यावर तर गणपतीच्या आधीची तारीख हाय."

खोटं बोलणं सोपं होतं. अंजनाच्या जिभेवर ते आलंही होतं.

"व्हय. तो तेव्हाच आला होता, मालू. मीच त्याला थांबवून ठेवलं. तुमची पत्रं येत होती. मला बरं वाटत होतं."

"बकुळाला ठावं न्हवतं?"

"न्हाय."

"तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. एवढी मोठी माणसं असं करतात, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. अंजनाला वाटलं, ही आता रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. मालू उठली, कोनाड्यातली आईची शिवणाची कात्री काढली आणि कानाशी नेली. यल्लव्वा "अगं अगं" करत धावली, पण जयाबाई पिठाच्या हातांनी मध्येच आडवी झाली.

राठ केस एका दमात कापेनात. करकर आवाज करत मालू कापत राहिली. शेवटी दोर तुटला, तसा तिनं तो अंजनाच्या मांडीवर टाकला.

यल्लव्वा मटकन खाली बसली आणि देवीचं नाव घेऊन गालात मारून घेऊ लागली. "आत्ती," जयाबाई सासूला हळूच म्हणाली, "आता डोंगरावर काय म्हणून न्यायचं पोरीला? जट कुठं हाय?" म्हातारीचे हात गालावरून खाली आले.

पोर वाचली होती. अंजनाच्या डोळ्यांना धार लागली. तिनं मालूकडं हात पुढं केला.

मालू मागं सरली. "तुमची गोष्ट आता मी वाचणार न्हाय," ती म्हणाली, आणि ती पानं गोळा करून आईच्या चुलीत सारली.