पाढे चालू असताना

बोरमाळ गावात घड्याळं नव्हती असं नाही. लग्नात आलेली होती, ग्रामपंचायतीत एक होतं, सोसायटीत तर दोन होती आणि ती एकमेकांशी भांडत. पण घड्याळ बघायला घरात जावं लागतं. शाळेतले पाढे विहिरीवरसुद्धा ऐकू येत. त्यामुळे गाव शाळेवर चालायचं.

हे गाव सोनईच्या अलीकडे, फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथला पहिलीचा वर्ग छगन गुरुजींनी उभी हयात घालवून चालवला. चालवला म्हणजे एकदा चालू करून दिला. प्रार्थना झाली की बाराखडी, बाराखडी झाली की पाढे, पाढे झाले की कविता, आणि कविता संपल्या की पुन्हा पाढे. पोरं ओरडत, गुरुजी खुर्चीत डोळे मिटून बसत. आकडा चुकला किंवा आवाज थांबला तरच ते डोळे उघडत. बाराखडी सुरू झाली की बाया चुलीवर तवा ठेवत. सातच्या पाढ्याला म्हातारी आक्काबाई रक्तदाबाची गोळी घेई. नऊच्या पाढ्याला माणसं पिशव्या उचलून फाट्याकडे निघत, कारण एसटीच्या गाड्या त्याच सुमाराला येत.

पहिलीतल्या पोरांना सगळं यायचं. फक्त वाचता यायचं नाही.

गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नगरहून पुष्पावती बाई आल्या. नव्वदच्या दशकातली ती वर्षं शिक्षण आनंददायी करण्याची होती. बाईंना तसं प्रशिक्षण मिळालं होतं आणि ते त्यांनी खरं मानलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक अक्षर काढलं आणि पुढे बसलेल्या गोरक्षला विचारलं, "हे कुठलं अक्षर?"

"कुठलं पायजे?" गोरक्ष म्हणाला. "मला समदी येत्यात."

आणि फळ्याकडे न बघता त्यानं क का कि की सुरू केलं. मागचा वर्ग त्याला मिळाला. फळ्यावर 'म' होता. वर्ग ज्ञच्या बाराखडीपर्यंत जाऊनच थांबला, कारण मध्ये थांबण्याची सोय गुरुजींनी ठेवली नव्हती.

त्याच आठवड्यात गोरक्षची आई भारती शाळेत आली. पोराचा डबा विसरला म्हणून आली होती. डबा पोराकडेच होता. तिनं आधी दार लोटलं.

"बाई, याला एसटीची पाटी वाचाया कवा येईल?"

"येईल की. कुठली पाटी?"

"नगरची," भारती हळू म्हणाली, आणि मग एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

तिचा नवरा राहुरीला दुसरं घर करून राहिला होता. भारती पोराला घेऊन आईकडे राहायला आली होती आणि नगरच्या कोर्टात तिनं पोटगीची केस घातली होती. गावचे सरपंच भाऊसाहेब हे नवऱ्याचे चुलते. स्वभावानं गोड माणूस. तारीख आहे असं कळलं की ते त्याच सकाळी वाड्यावर बैठक लावत, चहा पाजत, "घरातली गोष्ट हाय, घरात मिटवू" म्हणत. आणि बैठक संपेपर्यंत नगरची कोर्टं उठलेली असत. म्हणून भारती आता कोणाला न सांगता निघायची. पण फाट्यावर "ही गाडी कुठली?" असं विचारलं की ते भाऊसाहेबांना विचारल्यासारखंच होतं. मागच्या तारखेला तिनं विचारलं नाही आणि ती शेवगावच्या गाडीत चढली. कंडक्टरनं पुढच्या थांब्यावर उतरवलं. चालत परत आली तेव्हा अख्खं गाव ओट्यावर बसून तिची वाट बघत होतं.

"वकील म्हनले, पुढच्या तारखेला न्हाई आलीस तर केस निकाली निघंल," भारती म्हणाली.

"मग तूच शीक ना. तीन तर अक्षरं आहेत. नाहीतर मी कागदावर लिहून देते."

"मी शाळेच्या पायरीवर दोनदा दिसले की भाऊसाहेब इचारत्यात, भारती काय शिकतीय. पोरगं शिकलं तर कोन इचारतंय? आन कागदाचं म्हनाल, तर गाडी थांबती केवढी. कागद काढून अक्षरं जुळवूस्तोवर ती सोनईत पोचती."

बाईंना हे पटलं. "नगर," त्या म्हणाल्या. "ना काना, ना मात्रा, ना वेलांटी. पुस्तकातसुद्धा याच्यापेक्षा सोपा शब्द नाही. पुढच्या तारखेच्या आत येईल, मी सांगते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी ओरडणं बंद केलं. पोरांना गोलात बसवलं, चिंचोके दिले, आणि चिंचोक्यांनी जमिनीवर 'न' काढायला सांगितला. वर्गात कोणी बोलेना. गोरक्षनं चिंचोका चिंचोक्याला लावला, जीभ बाहेर काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका अक्षराकडे बघितलं. त्याला ते आवडलं. त्याच्या शेजारणीनं, निकितानं, आपला 'न' उलटा काढला आणि मग स्वतःच फिरून पलीकडे जाऊन बसली, म्हणजे तो सुलटा झाला. बाईंना वाटलं, आपण इथे रमणार.

दुपारी माणसं आली.

सगळ्यात पुढे भाऊसाहेब होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अतिशय सौम्यपणे विचारलं, "बाई, कोन वारलं का?"

"नाही. का?"

"मंग शाळा गप का?"

मागून एक बाई म्हणाली, "आमच्या भाकरी न्हाई झाल्या. आमी आपलं थांबलोय बाराखडीला."

"आमच्या घरच्यांची कारखान्याची गाडी चुकली."

"मी गोळी न्हाई घेतली," आक्काबाई म्हणाली. "आता घिऊ का नगं?"

बाईंनी समजावून सांगितलं की ओरडण्यानं पाठ होतं, वाचता येत नाही. लोकांनी ते ऐकून घेतलं. बोरमाळचे लोक समजूतदार. भाऊसाहेब म्हणाले, "तुमी शिकवा की बाई. तुमाला कोन नगं म्हनतंय? फक्त आवाज ठिवा."

शेवटी तोडगा बाईंनीच काढला, आणि त्याबद्दल दुसऱ्या कोणाला बोल लावायची सोय राहिली नाही. त्यांनी आपला टेपरेकॉर्डर आणला, वर्गाकडून सगळं एकदा ओरडून घेतलं आणि ती कॅसेट मारुतीच्या देवळात नेऊन दिली. देवळावर कर्णा होताच. सकाळी पुजाऱ्यानं बटण दाबायचं, गावाला वेळ कळणार, आणि शाळेत शांतता. भाऊसाहेबांनी बाईंचा नारळ देऊन सत्कार केला.

कर्णा पहिल्या सकाळी वाजला. गावानं तवे ठेवले. बाईंनी चिंचोके वाटले आणि म्हणाल्या, "चला, आता आपण शांतपणे…"

देवळाच्या कर्ण्यातून पहिलीचा वर्ग म्हणाला, "बे एके बे."

शाळेत बसलेला पहिलीचा वर्ग म्हणाला, "बे दुणे चार."

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पोरांनीही ओठांवर बोट ठेवलं आणि बोटाच्या मागून "बे त्रिक सहा" म्हटलं. त्यांचा इलाज नव्हता. स्वतःचा आवाज असा वरून ऐकू येतो आणि आपण गप्प बसायचं, हे मोठ्या माणसांनाही जमत नाही. बाईंनी खिडक्या लावल्या. खिडक्यांना तावदानं नव्हती. दार लावलं तर आतल्या आवाजाला बाहेर जायची वाट राहिली नाही आणि तो जास्त मोठा झाला. आता गावाला पाढे दोनदा ऐकू येऊ लागले आणि लोक म्हणाले, बाई कामाला वाघ आहे.

पुढे शेतावरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडू लागलं. व्होल्टेज पडलं की कॅसेट जड व्हायची आणि पहिलीचा वर्ग तालमीतल्या पैलवानांसारखा घोगऱ्या आवाजात रेंगाळायचा. खालची पोरंही मग तेवढ्याच सावकाश, तोंडं वाकडी करून, "सा…त स…क बे…चा…ळीस" म्हणायची. भाकरी करपल्या. पण बाईंना कोणी बोललं नाही. सगळे वीज मंडळाला बोलले.

एकच वेळ बाईंची होती. लाईट गेली की कर्णा पाढ्याच्या अधेमधे थांबायचा. गाव हातातलं काम हातात धरून उभं राहायचं. त्या गप्प वेळात बाई घाईघाईनं चिंचोके काढायच्या, गोरक्षपुढे 'ग' काढायच्या. गोरक्ष बोट फिरवायचा. "नचा शेजारी," तो म्हणायचा. आणि तेवढ्यात लाईट यायची. कर्णा सोडलेल्या आकड्यापासून पुढे निघायचा, पोरं त्याच्यामागून, आणि 'र' राहून जायचा. इतर मास्तर लाईट जाऊ नये म्हणून अर्ज करत होते. पुष्पावती बाई सकाळी देवाला हात जोडताना काय मागायच्या, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

तारीख जवळ आली तेव्हा भारती शाळेच्या भिंतीबाहेर शेण्या थापायच्या निमित्तानं उभी राहिली आणि खिडकीतून म्हणाली, "बाई, कुठवर आलं?"

"न आणि ग झालाय. एक मोठं भारनियमन मिळालं की संपलं."

ते मिळालं नाही. त्या आठवड्यात भाऊसाहेबांनी बाईंचे कष्ट बघून स्वखर्चानं देवळाला ट्रॅक्टरची बॅटरी दिली. आता लाईट असो नसो, पाढा थांबणार नव्हता. छोटा कार्यक्रम झाला, बॅटरीला हार घातला. भाऊसाहेब म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी केलं. दोन शब्द बोला."

बाई दोन शब्द बोलल्या. दोन्ही आभाराचे होते.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी डोळे मिटले. कर्णा चालू होता, पोरं चालू होती. हीच खुर्ची, हाच आवाज, आणि आपणही आता चुकलेल्या आकड्यालाच डोळे उघडणार, हे त्यांना लख्ख दिसलं. गुरुजीसुद्धा कधीतरी नगरहून चिंचोके घेऊनच आले असतील, असंही वाटून गेलं.

आकडा चुकला नाही, तरी त्यांनी डोळे उघडले. समोर निकिता "चार चोक सोळा" म्हणत होती आणि म्हणता म्हणता मागच्या पोराची करदोट्याची गाठ सोडत होती. बारीक गाठ, पण सुटली. तोंड पाढ्यात आणि सगळं ध्यान गाठीत.

बाई उठल्या. काही न बोलता त्यांनी फळ्यावर 'र' काढला आणि चिंचोके वाटले. पोरांनी "पाच दुणे दहा" म्हणत 'र' लावला. मग बाईंनी पुठ्ठ्यावर शब्द लिहिले आणि एकेक वर धरून, त्या वस्तूकडे बोट दाखवायची खूण केली. नळ. पोरांनी "सहा त्रिक अठरा" म्हणत अंगणातल्या नळाकडे बोटं केली. गवत. घर. वर्गातलं एकही तोंड थांबलं नाही. तोंडं गावाची होती. हात आणि डोळे बाईंनी हळूच काढून घेतले. पहिलीच्या त्या वर्गात मुकं वाचन सुरू झालं, तेही कानठळ्या बसतील अशा आवाजात. शेवटी 'नगर' वर धरलं तेव्हा गोरक्षनं फाट्याकडे बोट केलं. मग बाईंनी 'न'वर एक मात्रा देऊन दाखवली आणि जोरात मान हलवली. टोपी असेल तर नाही.

तारखेच्या दिवशी भारती शाळेत आली. "पोराचं पोट दुखतंय," ती म्हणाली. बाईंनी ताबडतोब सोडलं.

फाट्यावर लिंबाखाली छगन गुरुजी बसले होते. निवृत्तीनंतर ते रोज इथे बसून आपले पाढे ऐकत. बाजूला भाऊसाहेबांच्या घरचा गडी बिडी ओढत होता. कर्ण्यात नऊचा पाढा सुरू झाला, पडलेल्या व्होल्टेजमुळे रेंगाळतच, आणि गोरक्षचं तोंड त्याला लागलं.

"कुठं गं, भारती?" गुरुजींनी डोळे न उघडता विचारलं.

"पोराचं पोट दुखतंय."

"पोट दुखतंय आणि पाढा म्हणतोय? शाबास."

गड्यानं बिडी खाली केली आणि पिशवीकडे बघितलं. पोटदुखीला एवढी मोठी पिशवी कशाला, हे तो विचारणार एवढ्यात एक लाल गाडी धुरळा घेऊन थांबली. भारतीनं पोराकडे बघितलं. गोरक्षनं पाटीकडे बघितलं. पहिलं अक्षर 'न'. त्यानं "नऊ त्रिक सत्तावीस" म्हणत आईचा पदर धरला, एक पाऊल टाकलं, आणि थांबला. 'न'ला टोपी होती. पाढा चालू ठेवून त्यानं मान हलवली. नेवाशाची गाडी निघून गेली.

"का गं, दवाखान्याला न्हाई जायचं व्हय?" गडी म्हणाला.

"गर्दी हाय त्यात," भारती म्हणाली. गाडीत चार माणसं होती.

दुसरी गाडी आली. गोरक्षनं पुन्हा वर बघितलं. त्याचे ओठ "नऊ पाचे" म्हणत होते, पण बोट मांडीवर न काढत होतं, मग ग, मग र. एकदा झालं, त्यानं खात्रीसाठी दुसऱ्यांदा काढलं. ड्रायव्हरनं गिअर टाकला. आत्ता तो आईला नुसतं "हीच" म्हणाला असता, तर पाढा तुटला असता, गुरुजींनी डोळे उघडले असते, आणि भारती नगरला पोचायच्या आधी नगरचं नाव भाऊसाहेबांच्या ओट्यावर पोचलं असतं. गोरक्ष काही म्हणाला नाही. त्यानं "पंचेचाळीस" म्हटलं आणि पदर असा ओढला की भारती जवळजवळ पायरीवरच पडली. दार लागलं.

"ही कुठली गाडी होती?" गड्यानं गुरुजींना विचारलं.

"गप," गुरुजी म्हणाले. "नऊ सक चाललंय."

गाडी ओढ्यापलीकडे गेली. कर्ण्याचा आवाज बारीक होत होता. कंडक्टर चिमटा वाजवत आला. "कुठं?"

मागच्या वेळी भारतीनंच उत्तर दिलं होतं आणि खाली उतरावं लागलं होतं. या वेळी तिनं पोराकडे बघितलं. गोरक्षला बोलायचं होतं, पण पाढा अजून उरला होता आणि मध्ये थांबणं त्याला माहीत नव्हतं. "नऊ आठे बहात्तर," तो कंडक्टरला म्हणाला. कंडक्टर थांबला. "नऊ नवे एक्क्याऐंशी."

"नऊ दाहे नव्वद," गोरक्ष म्हणाला. पुढचा पाढा कर्ण्यातून यायला हवा होता. तो आला नाही. गाव मागे पडलं होतं. त्यानं आ वासून थोडी वाट बघितली, आणि मग त्याच चालीत, त्याच आवाजात म्हणाला, "नगर."

"नव्वद नगर कशाला? दोघंच तर आहात," कंडक्टर म्हणाला आणि त्यानं एक फुल, एक हाफ फाडलं.