डिस्कवरची अक्षरं

आमच्या पाट्यांच्या दुकानाच्या डिस्कवर एक हजार एकशे सेहेचाळीस फाइली होत्या. हा अंदाज नाही. कटिंग मशीनजवळच्या जुन्या कॉम्प्युटरवर फाइलींची नावं उरली होती. नुसती नावं, आत काही नाही. ती मी दोनदा मोजली. सातशे साठ माझ्या होत्या: दवाखाने, शिकवण्या, टायरची दुकानं, लग्नाचे हॉल. उरलेल्या तीनशे शहाऐंशी पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या. त्यांच्या प्रत्येक फाइलीत एकच चिनी अक्षर होतं. त्यांनी चाळीस वर्षांत ब्रशने काढलेली अक्षरं स्कॅन करून, कडेकडेने बिंदू टाकत मी ती उतरवून घेतली होती.

वीज मागच्या गल्लीतल्या खांबावर पडली. आमच्या पावसाळी तैपिंग गावात वीज पडणं ही बातमी नसते. पण डिस्क आणि तिची प्रत ठेवलेली दुसरी डिस्क, दोन्ही त्या वेळी एकाच मशीनला जोडलेल्या होत्या. क्वालालंपूरला पाठवल्या. नुसतं सर्किट जळलं असतं तर बदलता आलं असतं. पण दोन्हींच्या आतल्या चकत्या खरवडल्या गेल्या होत्या. तिथला माणूस फोनवर म्हणाला, "मिस ऊई, परत पाठवू की इथेच टाकून देऊ?"

तिसरी प्रत इंटरनेटवर ठेवू या, असं मी पांना कितीदा सांगितलं होतं. ते म्हणायचे, "माझं काम परक्याच्या कपाटात? आणि किल्ली त्याच्याकडे?"

वेळ वाईट होती. कोटा रस्त्यावरच्या नऊ जुन्या दुकानांची डागडुजी चालली होती, आणि मालकांच्या संघटनेला पाट्या पूर्वीच्याच हातच्या हव्या होत्या. तो हात पांचा. मूळ लाकडी पाट्या प्लास्टिकचे दिव्याचे बोर्ड आले तेव्हाच सरपणात गेल्या. कागदी आराखडे स्कॅन झाल्यावर वर्षभरात वाळवीने संपवले. आणि पांचा उजवा हात आता कोपीचा, म्हणजे आमच्याकडच्या कॉफीचा, कप बशीवर सरळ ठेवू शकत नाही. म्हणजे तो हात होता तो त्या तीनशे शहाऐंशी फाइलींत. गेली दोन वर्षं आमची कामं एकेक करून दुसरीकडे जात होती. हे नऊ बोर्ड मिळाले नाहीत तर दुकान भाड्याने द्यायचं, हे आमचं ठरलं होतं. संघटनेच्या मिस्टर ख्यूंनी नमुन्यांसाठी महिनाअखेरची मुदत दिली होती.

मी पाटीवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं.

या ग्रुपचं कामच ते. कुणाकडे वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम असतो, कुणाकडे तो उघडणारी कुलूपकिल्ली, कुणाकडे फ्लॉपी वाचणारं यंत्र. धंद्यात एकमेकांचं गिऱ्हाईक पळवतील, पण बंद पडलेली फाइल उघडून द्यायला कुणी नाही म्हणत नाही. शिवाय एक रीत आहे. गिऱ्हाईक दुसऱ्या पाटीवाल्याकडे गेलं की त्याच्या मागोमाग त्याची फाइल पाठवायची. मात्र पाठवताना ती सपाट करायची: फक्त कापायच्या रेषा, आतलं बाकी काही नाही. त्या हिशेबाने तीस-चाळीस फाइली परत येतील, असा माझा अंदाज होता. त्यांत पांची दहा अक्षरं आली तरी एक पाटी झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामुंटिंगचा पाटीवाला झुलकर्नैन आला. वयाने मोठा म्हणून आम्ही त्याला बांग झुल म्हणतो. बगलेत जुना कॉम्प्युटर, हातात नासी लमाकच्या, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या, तीन पुड्या.

"आधी खा," तो म्हणाला. "उपाशीपोटी फाइल उघडली की अक्षरं वाकडी येतात."

"तुमची भरल्यापोटीही वाकडीच येतात, बांग."

"बघा, पाक चिक! आम्ही मदतीला यायचं आणि तुमच्या मुलीने आमची सालटी काढायची."

पांना तो पाक चिक, म्हणजे काका, म्हणतो. ते नेहमीच्या खुर्चीत बसले होते. ते हसले नाहीत. पुडी उघडायलाही त्यांनी हात पुढे केला नाही.

झुलने पेन ड्राइव्ह लावला. फाइलींची रांग पडद्यावर उतरत गेली आणि बराच वेळ थांबली नाही. मी मोजायचं सोडून नुसती बघत राहिले. तीनशेच्या वर होत्या.

"एवढ्या?"

"जमल्या हळूहळू," तो म्हणाला.

एक उघडली. दंतवैद्याचा बोर्ड, माझा. ती सपाट नव्हती. खाली माझ्या निळ्या मार्गरेषा होत्या. त्याखाली 'नको' नावाचा थर होता, ज्यात मी रद्द केलेले नमुने ठेवते. डॉक्टरला न आवडलेला हसरा दात तिथे तसाच होता. तो दात मी कुणालाही पाठवलेला नव्हता. डॉक्टरलाही त्याची फक्त छापील प्रत दाखवली होती.

दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळ्यांत तेच. पंधरावी औषधांच्या दुकानांची होती. आठ शाखा होत्या त्यांच्या. ते काम आमच्या हातून मार्चमध्ये गेलं आणि आठही बोर्ड कामुंटिंगला झुलकडे झाले. बोर्ड बघून मला वाटलं होतं की गिऱ्हाइकाने माझ्या नमुन्याचा फोटो काढून नेला असावा.

"बांग झुल, ही कुठून मिळाली?"

झुलने भात चमच्याने एकीकडून दुसरीकडे केला. "सिम, तू फाइली मागितल्यास. आणल्या."

"मी विचारतेय कुठून."

"आता काय सांगू? सकाळी कोपीवर बसतो आम्ही सगळे. तू नसतेस." त्याने पांकडे पाहिलं. "पाक चिक, मला वाटलं होतं हिला माहीत आहे. आईशप्पथ."

पा म्हणाले, "सांबळची चटणी तिखट दिसतेय आज."

झुल निघाला तेव्हा मी दारापर्यंत गेले. तो हळूच म्हणाला, "आठ शाखांचं मनाला लावून घेऊ नको. आखणी आयती मिळाली की भाव कमी सांगता येतो. कुणीही सांगितला असता." आणि कॉम्प्युटर माझ्यासाठी तिथेच ठेवून गेला.

सिंपांगचे पाटीवाले सेल्वम अण्णा संध्याकाळी आले. त्यांनी चारशेच्या पुढे फाइली आणल्या; बऱ्याच झुलच्याच, काही निराळ्या. त्याही थरांसकट. त्यांना काहीच लपवायचं नव्हतं.

"तुझ्या बापानेच दिल्या. खिशात पेन ड्राइव्ह असायचाच त्याच्या. मुलीने काय केलंय बघा, म्हणायचा, आणि मग घेऊन जा म्हणायचा."

"अण्णा, त्याच फाइली वापरून तुम्ही माझी कामं घेतलीत."

"घेतली. खोटं कशाला बोलू?" त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "म्हणून तर आज सगळ्या आणल्या. मी ठेवून घेतलं असतं तर तुला कळलं असतं का?"

मी त्यांच्या फाइली शेवटपर्यंत बघून घेतल्या आणि विचारलं, "पांची अक्षरं कुठे आहेत?"

"ती?" सेल्वम अण्णा हसले. "ती त्याने कुणाला दिलीत? एकदा चहाच्या पेढीची पाटी होती. मला एकच अक्षर हवं होतं. म्हटलं, किमचुआन, तुझ्यासारखं मला जन्मात जमणार नाही, दे. म्हणाला, मग जन्म घालव. बावीस वर्षं एका टेबलावर बसतो आम्ही."

ग्रुपवर आणखी चौघांनी पाठवल्या. इपोहच्या एकाने तर माझ्या मागच्याच महिन्यातल्या फाइली पाठवल्या आणि खाली हात जोडलेलं चित्र. प्रत्येकाला मी वेगळं विचारलं. पांचं अक्षर? नाही. एखादं तरी? नाही, पोरी.

पा दुकानाचं शटर ओढायला उठले तेव्हा मी त्यांच्या आणि शटरच्या मध्ये उभी राहिले.

"माझ्या सगळ्या दिल्यात."

"मागायचे ते. मित्र आहेत."

"मित्रांनी त्याच फाइलींवर आपली कामं नेली, पा. औषधवाले नेले. दंतवैद्याचा दुसरा दवाखाना नेला. दोन वर्षं मी भाव उतरवतेय आणि काय चुकतंय ते शोधतेय."

"कॉम्प्युटरचं काम आहे ते," पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. माल मोजून घेताना बोलतात तसं बोलले. "बटण दाबलं की होतं. आज दिलं, उद्या तू दुसरं करशील. त्यात द्यायला न द्यायला काय आहे?"

"एका बोर्डाला मला चार-चार दिवस लागतात."

"खुर्चीत बसून."

"आणि तुमची अक्षरं? ती का नाही दिलीत? एखादं तरी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अश्लील विचारलं होतं.

"ती माझी आहेत," ते म्हणाले.

"होती."

ते बाजूने गेले आणि शटर ओढायला लागले. उजव्या हाताने जमेना. मी पुढे झाले नाही. त्यांनी हात बदलला आणि डाव्याने ओढलं.

मिस्टर ख्यूंना मी मुदतीच्या आदल्या दिवशी फोन केला. ते सभ्य माणूस. म्हणाले, "क्वालालंपूरची एक कंपनी आहे, त्यांच्याकडे जुन्या वळणाचा तयार टाइप मिळतो. हुबेहूब नाही. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला काय कळणार?" मग त्यांनी विचारलं, "एकूण किती परत मिळालं तुम्हाला? काहीतरी मिळालं असेल ना?"

मी सांगते म्हटलं आणि यादी पुढे ओढली. सगळ्यांच्या फाइली एकत्र केल्या होत्या, दुबार आलेल्या वगळल्या होत्या, प्रत्येक उघडून पाहिली होती.

एकूण एक हजार एकशे सेहेचाळीस. परत आलेल्या सातशे त्रेचाळीस. माझ्या सातशे साठपैकी सातशे त्रेचाळीस. पांच्या तीनशे शहाऐंशीपैकी शून्य.