खांबाच्या अलीकडे

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, एक मे रोजी, आडबंदरची ग्रामसभा झाली. म्हणजे आधी झाली नाही. गणपूर्तीला शंभर माणसं लागतात, आली होती एकोणीस. दत्तप्रसादने घड्याळ बघून सभा तहकूब केली आणि सगळ्यांना चहा दिला. चहा संपल्यावर तीच माणसं त्याच खुर्च्यांवर तहकूब सभा म्हणून पुन्हा बसली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ही सोय ज्याने शोधली त्याला खेड्यांचा दांडगा अनुभव असावा.

दत्तप्रसाद आमचा ग्रामसेवक. अलीकडे सरकारने त्याला ग्रामपंचायत अधिकारी असं नाव दिलं आहे. दारावरची पाटी नवी आली, खुर्चीचा मोडका हात तोच राहिला. तो बाबांचा विद्यार्थी. बाबांनी कट्टा गावच्या शाळेत एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. हा विषय मुलं परीक्षेच्या सकाळी वाचतात आणि दुपारी विसरतात. बाबांची चूक एवढीच की, त्यांना तो खरा वाटायचा.

ते उभे राहिले. "तरीच्या धक्क्यावर दिवा कधी लागणार?"

"गुरुजी, दिव्याचे अधिकार आपल्याकडे आलेले आहेत," दत्तप्रसाद म्हणाला. सभेत तो छापील मराठी बोलतो.

"मग लाव."

"अधिकार आलेत. जोडणीचं पत्र वरून यायचं आहे."

"अधिकार वरूनच आले ना? त्यांच्याबरोबर पत्र का नाही आलं?"

"ते दुसऱ्या विभागाचं असतं, गुरुजी."

मागून, खाडीपार माणसं नेणारी तर म्हणजे होडी चालवणारा लवू तरवाला म्हणाला, "गुरुजी, म्हशीच्या गळ्यातला दावा तुमच्या हातात दिल्यानी. म्हस तेंच्याच गोठ्यात आसा."

सगळे हसले, दत्तप्रसादसुद्धा. बाबा हसले नाहीत. घरी जेवताना त्यांनी आईला आणि मला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती समजावली. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींना द्यायचे एकोणतीस विषय आहेत: शेतीपासून सुरुवात, शेवट सामूहिक मालमत्तेच्या देखभालीवर. पाहुणे आले की इतरांच्या मुली श्लोक म्हणून दाखवायच्या, मी हे एकोणतीस विषय म्हणायची. वयाच्या आठव्या वर्षापासून मला ते पाठ आहेत. दिल्लीने मुंबईला दिले, मुंबईने ओरोसला जिल्ह्याकडे, ओरोसने तालुक्याला, तालुक्याने गावाला. हळदीकुंकवाला फिरून फिरून आलेलं तबक असतं तसं. आपल्यापर्यंत पोचेस्तोवर त्यात फक्त तबक उरतं. हे मी मनात म्हटलं. तोंडाने "हं" म्हटलं. पुण्याहून आठ दिवसांच्या रजेवर आले होते, वाद कशाला घालायचा. आईने त्यांना दुसऱ्यांदा सोलकढी वाढली. ते म्हणाले, "उद्या खाडीपलीकडे माडवेळला जाऊ. दोन गावांनी एकत्र ठराव केला, तर दिवा द्यावाच लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि मी लवूच्या होडीत बसलो. होडी खाडीत असताना बाबा गेले. मी शेजारी होते. मी सगळ्यांना एवढंच सांगितलं आणि तेवढं पुरलं.

कागदाला ते पुरलं नाही.

माडवेळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी 'आणण्यापूर्वी मृत' असं लिहिलं. म्हणजे मृत्यूचं ठिकाण त्यांचा दवाखाना नव्हे. पाचव्या दिवशी मी दत्तप्रसादकडे गेले. जन्ममृत्यूचा निबंधकही तोच. हा अधिकार गावाकडे पूर्णपणे आलेला आहे, शिक्क्यासकट. त्याने डोळे पुसले, संगणक उघडला आणि विचारलं, "मृत्यूचं ठिकाण?"

"तर."

"तर खंय होती?"

"खाडीत."

त्याने बराच वेळ पडद्यावर शोधलं. "गौरजाताई, आडबंदराक कोड आसा. माडवेळाक आसा. खाडीक कोड नाय."

मग त्याने नियमांचं पुस्तक काढलं. चालत्या वाहनात मृत्यू झाला, तर वाहन जिथे प्रथम थांबलं तिथे नोंद होते. आम्हा दोघांनाही हायसं वाटलं. बाबांना हा नियम आवडला असता. त्याने लवूला बोलावलं.

"होडी पयली खंय थांबली?"

"खांबाक," लवू म्हणाला. "मी गुरुजींका बघलंय, इंजिन बंद केलंय, नि खांबाक धरून रवलंय. तोंडार पाणी मारलंय. मगे माडवेळाक नेलंय."

दत्तप्रसादने पुस्तक मिटलं.

हा खांब म्हणजे आडबंदर-माडवेळ पूल. मंजुरी वरून आली, दोन्ही काठांवर जमीन मिळेना, तेव्हा ठेकेदाराने जिथे कोणाचीच जमीन नव्हती तिथून सुरुवात केली. बरोबर खाडीच्या मध्यावर एक खांब उभा राहिला आणि काम थांबलं. नऊ वर्षं त्यावर पाणकावळे पंख वाळवतात. दोन ग्रामपंचायतींची हद्दही बरोबर तिथेच. माझ्या वडिलांना घेऊन होडी पहिल्यांदा थांबली ती हद्दीला धरून.

माडवेळच्या सरपंच किशोरीताई घरी भेटायला आल्या, आईजवळ बसल्या, मनापासून रडल्या. उठताना म्हणाल्या, "नोंद मात्र आमच्याकडे नको हां. आमचं गाव आदर्श गावाच्या स्पर्धेत आहे. तपासणीला लोक येणार, तरीत माणूस गेला म्हटल्यावर धक्का बघतील."

"धक्क्याला काय झालं?"

"काही झालं नाही. तोच तर प्रश्न आहे."

दत्तप्रसादने तालुक्याला लिहिलं. तालुक्याचं उत्तर चौथ्या दिवशी आलं, इतक्या लवकर त्यांचं उत्तर कधीच येत नाही. 'सदर बाब स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अधिकारकक्षेत असल्याने आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा.' बंदर खात्याला विचारलं. त्यांनी कळवलं की, पाणी आमचं आहे, पण पाण्यावरच्या माणसांची नोंद आमच्याकडे होत नाही, होडीची होते. होडीची कागदपत्रं पाठवा. खांब बांधणाऱ्या विभागाने कळवलं की, खांब अद्याप हस्तांतरित झालेला नाही. बाबा असते तर ही सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावून त्यांनी वर्गात नेली असती, आणि मुलांना सांगितलं असतं की, ही सुरुवात आहे, व्यवस्था शिकते आहे. मी ती रद्दीच्या पिशवीत ठेवली आणि परत काढली.

एकवीस दिवसांच्या आत नोंद झाली नाही, तर गावाचा अधिकार संपतो, आणि मग तालुका, तहसीलदार असं जिथून तो खाली आला त्याच वाटेने वर जावं लागतं. आईला वर खाली काही नको होतं. तिचं एकच म्हणणं, "तेंका आपल्या गावात लिवा. जल्मभर हय रवले. मेल्यावर कित्या माडवेळचे करतास?"

विसाव्या दिवशी दत्तप्रसादने स्थळपाहणी ठेवली. होडीत लवू, दत्तप्रसाद, किशोरीताई आणि मी. आई न विचारता येऊन बसली. तिला नको म्हणायची कोणाची छाती झाली नाही. दत्तप्रसादने मोजपट्टी आणली होती. खाडीच्या मध्यावर पट्टी कुठून कुठे धरायची हे कोणाला कळेना, म्हणून ती त्याने मांडीवर ठेवली.

खांबाशी आल्यावर लवूने इंजिन बंद केलं आणि खांबाला हात घातला. होडी भरतीबरोबर हळूहळू फिरू लागली.

"अशीच फिरलेली?" दत्तप्रसादने विचारलं.

"तेव्हा सुकती होती. उलटी फिरली."

"गुरुजी कुठे बसले होते?" किशोरीताईंनी विचारलं.

लवूने फळी दाखवली. दत्तप्रसाद उठला, चप्पल काढली आणि बाबांच्या जागी जाऊन बसला. शाळेत बाबा वर्गाबाहेर गेले की त्यांच्या खुर्चीत बसणारा हाच होता, असं बाबाच सांगायचे.

"तोंड कुणीकडे होतं?" किशोरीताई म्हणाल्या. "कारण असे बसले असतील, तर पाय आमच्याकडे येतात. डोकं तुमच्याकडे."

"जीव डोक्यात असता की छातीत?" लवूने गंभीरपणे विचारलं. "तसा काय नियमात आसा?"

"लवू, गप रव."

"मी आपला इचारलंय. डोक्याक एक कोड, पायाक एक, असा करा. दोन गावांचो एकत्र ठराव."

किशोरीताईंना हसू आलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. दत्तप्रसाद बाबांच्या जागी बसून खांबाकडे बघत होता. आई पाण्याकडे बघत होती. मग ती लाडाने शिवी दिल्यासारखी म्हणाली, कोणाला उद्देशून नाही, "ह्येंका ह्या सगळा आवडला असता. शिरा पडो."

मग दत्तप्रसाद माझ्याकडे वळला. "गौरजाताई, होडी थांबली खंय तां ऱ्हवांदे. माणूस खंय गेलो ह्या कळला तरी माका लिवता येयत. तू लागून बसलंलंस. नेमके खंय गेले ते?"

वीस दिवस प्रत्येकाने मला हे विचारलं होतं, आणि मी "खाडीत" म्हटलं होतं. आत्याला, शेजाऱ्यांना, डॉक्टरांना. माझ्या त्या एका शब्दावर दोन ग्रामपंचायती, एक तालुका, एक बंदर खातं आणि पुलाचा एक खांब इतके दिवस कामाला लागले होते. सगळ्यांनी आपल्यावरची जबाबदारी पुढच्याकडे दिली, असं म्हणत मी मनात हसत होते. यादीत पहिलं नाव माझं होतं.

"खांबाच्या अलीकडे," मी म्हणाले. "आडबंदरात."

"पक्का?" दत्तप्रसादने विचारलं. "कशावरून?"

किशोरीताई पुढे झुकल्या. मी आईकडे बघितलं. तीही आता माझ्याकडेच बघत होती.

"आये," मी म्हणाले, "बाबा माका विषय सांगी होते. ते एकोणतीस. माका पाठ आसत, म्हणान मी मोबाईल बघी होतंय, नुसता हं हं करी होतंय. ते तेरापर्यंत इले. रस्ते, मोऱ्या, पूल, तरी, जलमार्ग. चौदावो विजेचो, तो सांगूकच नाय. मी मान वर केलंय तेव्हा खांब अजून पुढे होतो, दोन होड्यांइतको. खांबाकडे बघलंय, पाणकावळ्याकडे बघलंय. बाबांकडे नाय बघलंय. परत मोबाईल बघूक लागलंय. ते गप झाले, आये, नि माका बरा वाटला."