चादरीची दोन टोकं

चादरीची घडी दोघींनीच घालायची, एकटीच्या घडीत झोळ राहतो, असं ताईंचं म्हणणं होतं, आणि त्या लाँड्रीत ताईंचं म्हणणं म्हणजे कायदा. लाँड्री ताईंच्या धाकट्या भावाची. सगळे त्याला मालक म्हणत, पण मालक नावाला, हुकूम ताईंचा. तिसरं माणूस वहिनी, म्हणजे मालकांची बायको. गेली वीस वर्षं या नणंद-भावजया रोज दुपारी लांब टेबलाशेजारी समोरासमोर उभ्या राहत, चादरीची दोन-दोन टोकं धरत, ताई एक हिसका देत, चादर ताठ होई, मग दोघी एकमेकींकडे चालत येत, टोकाला टोक लावत आणि पुन्हा मागे सरत. दिवसातून इतक्यांदा जवळ येणाऱ्या आणि इतक्यांदा लांब जाणाऱ्या नणंद-भावजया जगात दुसऱ्या नसतील. त्यांची भांडणंही याच चालीवर चालत.

ताईंचा हिसका साधासुधा नव्हता. अंगानं भारदस्त बाई, वर लहानपणापासून पिळे पिळून तयार झालेले हात. वहिनीचं लक्ष जरा चळलं की टोक निसटायचंच, आणि ताई म्हणायच्या, "टोक धर, टोक. मनातलं काय ते नंतर धर." खाली पडलेली चादर परत धुवायची, हा दुसरा कायदा. फरशी आरशासारखी असली तरी सुटका नाही. ताईंच्या हातून मात्र आजवर एकही चादर पडली नव्हती, आणि ही गोष्ट त्या वहिनीला दिवसातून एकदा तरी ऐकवत.

मालकांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण बैठं काम, जिभेचे चोचले, साखरेचा आजार आणि "बघू पुढच्या महिन्यापासून" हा त्यांचा आवडता मंत्र. लिव्हरवर चरबी साठत गेली आणि एक दिवस ते जून दोडक्यासारखं निबर झाल्याचं कळलं. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, हातापायांच्या काड्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी लिव्हरचा मोठा तुकडा बसवावा लागेल. वहिनीनं सगळ्यांच्या आधी बाही वर केली, पण तिचा रक्तगट जुळला नाही. ताईंचा जुळला.

"घ्या मग," ताई म्हणाल्या. "उद्या येऊ का?"

डॉक्टरीणबाईंनी ताईंच्या पोटाचं चित्र काढून पाहिलं आणि मान हलवली. "तुमच्याही लिव्हरवर चरबी आहे, ताई. आत्ता तुकडा घेतला तर तो त्यांच्या कामाचा नाही आणि उरलेला तुमच्या कामाचा नाही. तीन महिने देते. वजन उतरवा, चालायला लागा, मग परत बघू."

"आणि नाही उतरलं तर?" वहिनीनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. "तीन महिन्यांपलीकडे ते किती तग धरतील, ते मी सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत वहिनीनं सरळ सांगून टाकलं, "वन्सं, तुमच्या ताटात पडेल तेच माझ्या ताटात. माझीही साखर काही कमी नाही. एकटीनं उपास काढायचे नाहीत."

तेवढ्यात गठ्ठ्यांची गाडी चालवणारा आत आला. त्याच्या एकंदर आकारामुळे त्याला सगळे गोणी म्हणत आणि तो ओ देत असे. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "रक्त माझंही जुळत नाही. पण जीभ आवरायला कुठे रक्त जुळावं लागतं? मलाही धरा."

असा तिघांचा कारभार सुरू झाला. गोड बंद, तळलेलं बंद, दुसऱ्यांदा वाढून घेणं बंद. दुपारी घडीच्या टेबलावर तीन सारखी ताटं मांडली जात, आणि तिघं एकमेकांच्या ताटांवर अशी नजर ठेवत की चोराला लाज वाटावी. ताई वरच्या मजल्यावर एकट्या राहत, म्हणून त्यांचा संध्याकाळचा डबा वहिनी भरून देई. काम आटोपल्यावर तिघं मागच्या रस्त्यानं पाण्याच्या टाकीपर्यंत चालत. पहिल्या दिवशी ताई अर्ध्या वाटेत एका कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हे पाय माझेच आहेत ना? वीस वर्षं उभे राहिले, आणि चालायला सांगितलं तर रुसले." मालक खिडकीतून ही वरात बघत. "हळू ताई, रस्ता झिजेल," ते ओरडत, आणि मग तेवढ्यानंच त्यांना धाप लागे.

दर सोमवारी तिघं गठ्ठे तोलायच्या काट्यावर चढत. ताईंचं वजन उतरू लागलं. वहिनीचंही उतरत होतं, पण बैलगाडीच्या चालीनं. ताईंचं घसरगुंडीवरून खाली यावं तसं येत होतं. डॉक्टरीणबाईंना फोनवर आकडा सांगितला की त्या खूश व्हायच्या. गोणीचं मात्र अजबच. तो टाकीपर्यंत चालत होता, दुपारी इमानदारीत जेवत होता, आणि तरी काटा त्याला पाहिला की वर सरकत होता. "माझी हाडंच जड," तो म्हणे.

पावणेतीन महिने होत आले असतील. एका दुपारी वहिनीनं चादर धरली, सवयीनं मनगटं आवळली, आणि हिसका आलाच नाही. आला, पण नुसती वाऱ्याची झुळूक यावी तसा. तिनं समोर पाहिलं. ताई नेहमीसारख्या उभ्या होत्या, चेहरा नेहमीसारखाच करारी, फक्त गालफडं बसलेली. दुसरी चादर, तिसरी चादर. वीस वर्षं जे मनगट तिनं मनातल्या मनात शिव्या घालत सोसलं होतं, त्यातलं बळ गेलं होतं. वजन उतरणं वेगळं आणि माणूस उतरणं वेगळं, हे काट्याला कळत नव्हतं. तिच्या हाताला कळलं.

आणि कळूनही वहिनी गप्प बसली. का बसली, ते स्पष्टच सांगायला हवं. तिला नवरा जगायला हवा होता. तपासणीचा दिवस आठवड्यावर आला होता, काटा हवं तेच सांगत होता, डॉक्टरीणबाई खूश होत्या. तिनं तोंड उघडलं असतं तर तो दिवस पुढे गेला असता, आणि मालकांकडे पुढे ढकलायला दिवस होते कुठे? दोन दिवस तिनं चादरी हळूच स्वतःच्या बाजूनं ओढून ताठ केल्या, म्हणजे ताईंना हिसका द्यावाच लागू नये. असं करताना तिला स्वतःचीच भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी ताईंच्या हातातली चादर खाली पडली.

दोघी त्या चादरीकडे बघत राहिल्या. ताई वाकायला गेल्या आणि टेबल धरून तशाच थांबल्या.

"वन्सं, संध्याकाळचा डबा कोण खातं?"

"मीच. दुसरं कोण?"

दारात गठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या गोणीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "ताई," तो म्हणाला, "तुम्ही तर म्हणायचात, पोट भरलं, उरलंय, अन्न टाकू नकोस. मी रोज गाडीत बसून..." त्याच्या जड हाडांचं कोडं त्या क्षणी सगळ्यांना सुटलं, पण हसलं कुणी नाही.

"आणि सकाळचं?" वहिनीनं विचारलं.

"सकाळी कुठे भूक असते?" ताई फणकारल्या. "दुपारी तुमच्यासमोर जेवते, तेवढं पुरे आहे. चरबी उतरतेय ना? मग झालं तर. तुला नवरा हवाय का नकोय?"

"हवाय," वहिनी म्हणाली. तिनं नजर हलवली नाही. "पण तुम्हाला गिळून नको."

ताई टेबल सोडून एका गठ्ठ्यावर बसल्या.

वहिनीनं तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, आपण दोन दिवस गप्प बसलो तेसुद्धा. मग डॉक्टरीणबाईंनी ताईंना फोन द्यायला सांगितलं. "उपाशी माणसाचं लिव्हर जास्तच बिघडतं, ताई. अशा अंगावर मी सुरी चालवली तर तुम्ही टेबलावरून उठणार नाही. नीट जेवा. पोटभर नाही, पण नीट. महिन्यानं या."

महिना. तो शब्द मालकांना कोण सांगणार, यावर घरात सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. शेवटी ताईच त्यांच्या खुर्चीशी गेल्या. "बारक्या, चुकलं माझं. थांबावं लागेल तुला."

मालकांनी बहिणीकडे पाहिलं. "शाळेच्या फाटकापाशी थांबायचो तुझ्यासाठी, आठवतं? सगळी पोरं गेली तरी. तूच म्हणाली होतीस, मी येईपर्यंत हलायचं नाही." ते जरा दम घ्यायला थांबले. "हललो का कधी?"

तो महिना कसा गेला, ते त्या घरालाच ठाऊक. मधेच मालकांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं, मधेच ते असंबद्ध बोलू लागले, आणि वहिनीला आपल्या त्या फोनचा पश्चात्ताप व्हायचा, आणि पश्चात्तापाचाही पश्चात्ताप व्हायचा. पण रोज सकाळी ती वर जाऊन ताईंच्या समोर बसे आणि शेवटचा घास गिळेपर्यंत उठत नसे. संध्याकाळी गोणी डब्याजवळ पहाऱ्याला बसे. "पाप फेडतोय," तो म्हणे, आणि डबा रिकामा झाल्याचं बोट फिरवून बघे. टाकीपर्यंतचा रस्ता आता ताई कट्ट्यावर न बसता चालत. काटा पूर्वीसारखा घसरत नव्हता, दर सोमवारी थोडा थोडा खाली सरकत होता. आणि दुपारी, चादरीच्या दुसऱ्या टोकाकडून, हळूहळू काहीतरी परत येत होतं.

महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एक जुनं, एक नवं. जुन्यात सगळं दुधाळ, पांढुरकं, जणू कुणी आतून चुना फासलाय. नव्यात चुन्याचे ते डाग गेले होते. वहिनी खुर्चीतून उठून जवळ गेली. तिचा जन्म डाग काढण्यात गेला होता. कुठला डाग सोड्यानं जातो, कुठला उन्हानं, कुठला मरेपर्यंत जात नाही, हे तिला पाठ होतं. इथे साबण नव्हता, पाणी नव्हतं, कुणाचा हातसुद्धा लागला नव्हता. दिवसभर तिच्यावर डाफरणाऱ्या या बाईच्या पोटात, तिला स्वतःलाही न कळता, कुणीतरी रोज थोडं थोडं धूत बसलं होतं.

"हे असं आपोआप होतं?" तिनं विचारलं.

"आपोआप कसलं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही जेवू घातलंत, त्या चालल्या. बाकीचं शरीर करतं. अजून पुढचं ऐका. अर्ध्याहून जास्त लिव्हर काढून तुमच्या यजमानांना देऊ. काही महिन्यांत यांचं परत भरून येईल, आणि त्यांच्यात गेलेला तुकडाही वाढून पुरेसा होईल."

"म्हणजे दिलेलंही वाढणार आणि उरलेलंही?"

"दोन्ही."

वहिनीनं ताईंकडे पाहिलं. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या, परीक्षेत पास झालेल्या पोरीसारख्या. या बाईला आपण वीस वर्षं ओळखतो असं वहिनीला वाटत होतं. त्या खोलीत ते वाटणं संपलं. तिला ताईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण ताईंनी "आता हे काय नवीन" म्हणून झिडकारलं असतं, म्हणून तिनं नुसतीच त्यांची पिशवी उचलली.

ऑपरेशन दिवसभर चाललं. आधी ताईंना आत नेलं, मग मालकांना. जाताना ताई एवढंच म्हणाल्या, "त्याच्या आधी मला शुद्ध आली तर मला सांगायचं, काय ते खरं सांगायचं." त्यांना आधी शुद्ध आली. वहिनीनं त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "चाललंय. तुमचं त्यांच्यात चाललंय." ताईंनी डोळे मिटून घेतले. कितीतरी दिवसांनी मालकांच्या डोळ्यांतला पिवळेपणा ओसरला, आणि मग रोज वहिनी सकाळी उठल्याबरोबर आधी त्यांचे डोळे बघे. ते पांढरे आहेत, याचं तिला रोज नव्यानं आश्चर्य वाटे.

ताईंना बरेच महिने ओझं उचलायला मनाई होती. तोवर चादरींच्या घड्या वहिनी आणि गोणीनं घातल्या. त्याची हाडं आता बरीच हलकी झाली होती, पण त्याच्या घड्या बघून ताई खुर्चीत बसल्या बसल्या कपाळावर हात मारत.

मग एका दुपारी ताई उठल्या, गोणीच्या हातातली दोन टोकं काढून घेतली आणि आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. मालक पलीकडे बसून अभ्रे मोजत होते, ते मोजायचे थांबले. वहिनीनं आपली टोकं धरली. तिला ताईंच्या पोटावरची ती लांब खूण आठवली, मालकांच्या पोटावरचीही आठवली, एकच गोष्ट दोघांच्या आत या क्षणीसुद्धा वाढते आहे हे आठवलं, आणि तेवढ्यात ताईंनी हिसका दिला.

तो पूर्वीचाच हिसका होता. पुरेपूर. वहिनी एक पाऊल पुढे ओढली गेली, टोकं निसटली आणि चादर फरशीवर पडली.

"टोक धर, टोक," ताई म्हणाल्या. "मनातलं काय ते नंतर..."

वहिनी तिथंच एका गठ्ठ्यावर बसली आणि रडू लागली. मालकांचा आजार कळल्या दिवसापासून ती रडली नव्हती, ते सगळं एकदम आलं. ती हमसून हमसून रडली, आवाज झाकायचा प्रयत्नही केला नाही. मालक उठले, पण ताईंनी हातानंच त्यांना बस म्हटलं. त्या हळू हळू चालत आल्या, जमिनीवरची चादर गोळा केली आणि तिचं एक टोक वहिनीच्या हातात दिलं.

"घे," त्या म्हणाल्या. "नाहीतरी परत धुवायचीच आहे. पूस यात."

वहिनीनं डोळे पुसले. नाकही पुसलं. मग दुसरं टोक ताईंनी घेतलं आणि स्वतःच्या डोळ्यांना लावलं.