मिरग लागेपर्यंत

सुविधा दिवाळीनंतर लग्न होऊन गोव्यातल्याच लाटंबार्सेहून तुयेला आली, तेव्हा या घराचं पुढचं दार सकाळी उघडलं की दिवे लागेपर्यंत सताड उघडं असायचं. पाववाला पोदेर सायकल टेकवून थेट ओसरीवर उंडे ठेवून जायचा. शेजारची शालिनीवहिनी हाक न मारताच आत यायची. सासू पद्मावती बोलायला कमी, पण सुनेला टाकून बोलणारी नव्हती. डिसेंबरात भाषेच्या आंदोलनात रस्त्यांवर झाडं आडवी टाकली गेली आणि नवरा साईश वास्कोला बंदरावरच्या नोकरीवरच अडकून राहिला, तेव्हा या दोघींनी घर सांभाळलं होतं. घर चांगलं मिळालं, असं सुविधाने माहेरी सांगितलंही होतं.

चैत्र संपताना एका दुपारी पूर्वेकडे ढग गुरगुरला आणि पद्मावती भरल्या ताटावरून उठली. उष्ट्या हातानेच तिने जनेलं, घरातल्या सगळ्या खिडक्या, ओढून घेतल्या, मेन स्विच पाडला, रेडिओची वायर उपसली. पुढचं दार लावलं, मागचं लावलं, दोन्हींना आतून कुलपं घातली आणि चाव्या कनवटीला खोवल्या. मधल्या खोलीत दोन पाट मांडले.

"बस हंय. पाय भुंयेर टेकव नको."

"आये, खळ्यात कोकमाची सोलां वाळत घातली आहेत. भिजतील."

"भिजूंदेत."

सुविधाला कारण ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी सासरा, कृष्णनाथ, गावातल्या माणसांबरोबर काजूच्या डोंगरावर बोंडं गोळा करायला गेला होता आणि असल्याच एका दुपारी त्याच्यावर वीज पडली. साईशने लग्नानंतर लगेच सांगून ठेवलं होतं, "उन्हाळ्यात आयेला सांभाळून घे. मिरग लागला की निवळते. एकदा खरा पाऊस सुरू झाला की विजा होत नाहीत ना."

ते खरंच होतं. मिरगाचा पाऊस दिवसचे दिवस पडतो, पण मुकाट्याने पडतो. गर्जना होते ती त्याच्या आधी. वैशाखात तर रोज तेच. सकाळी आभाळ घासून ठेवलेल्या तांब्यासारखं लख्ख. दहा वाजता अंगाला पदर चिकटू लागायचा. समुद्राकडून येणारा वारा जेवणवेळेपर्यंत टिकायचा आणि मग पडायचा. माडाची एक झावळ हलायची नाही. तोवर घाटाच्या माथ्यावर पांढरे ढीग चढत असायचे, त्यांचे तळ हळूहळू काळे पडायचे. मग वारा उलटायचा. डोंगराकडून धुळीचा, गार असा झोत यायचा, आणि त्याच्यामागून ते सगळं घरावर येऊन कोसळायचं. तासाभरात पुन्हा ऊन. अंगणातून वाफा निघायच्या आणि आधीपेक्षा जास्त उकडायचं.

त्यातला गार वारा काय तो सुविधाला हवा असायचा, आणि नेमका तोच बंद दाराबाहेरून जायचा. आत कौलांखाली उबट काळोख, धुराचा आणि सुक्या मासळीचा वास. पद्मावती डोळे मिटून पुटपुटत बसायची. काही बोलायला गेलं की हाताने गप्प करायची. सुविधा गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि तिला वाटायचं, आपल्याला बरणीत घालून वर दट्ट्या मारलाय.

पुढे पुढे तर ढग दिसायच्या आधीच कुलूप पडू लागलं. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरायला बायका घेत होते. शालिनीवहिनीने सुविधासाठी शब्द टाकला, कारखान्याने लगेच या म्हणून निरोपही दिला. पण काम सुटायचं पाच वाजता.

"पाचांक? म्हणजे गडगडाच्या वेळार तू भायर?" पद्मावती म्हणाली. "मिरग लागूंदे. मगे बघुया."

"तोवर जागा राहणार नाही, आये."

"नाय रवली तर नाय."

साईश रविवारी आला. त्याने दोघींचं ऐकून घेतलं आणि सोमवारी पहाटेच्या बसने निघून गेला.

मे महिना संपत आला. गोवा राज्य होणार म्हणून पेडण्याच्या बाजारात पताका लागल्या होत्या. त्या दुपारी रेडिओवर त्याच्याच बातम्या चालल्या होत्या आणि सुविधा तांदूळ निवडत ऐकत होती, तेवढ्यात पद्मावतीने वायर ओढली. दोघी पाटांवर बसल्या. वारा आला, धूळ आली, कौलांवर टपोरे थेंब वाजू लागले. मग एकाएकी कौलांच्या फटींतून पांढरा उजेड खोलीत उतरला आणि त्याच क्षणी कान फुटावा तसा आवाज झाला. भिंत हादरली. जळक्या लाकडाचा वास आला.

थोड्या वेळाने दारावर थापा पडल्या.

"पद्मावतीबाय! दार उगडा गे! आमचो मनीस पडलो!"

शालिनीवहिनी होती. तिचा नवरा बाबाजी गाय सोडवायला गेला होता आणि कुंपणातल्या माडावर वीज पडली होती.

सुविधा उठली. "आये, चावी द्या."

पद्मावतीने कनवटीवर हात दाबून धरला. तिचे डोळे उघडे होते, पण ती सुनेकडे बघत नव्हती.

"आये, ऐकलंत ना? द्या चावी!"

"दार उगडलां की वीज भितर येता," पद्मावती म्हणाली.

बाहेर थापा चालूच होत्या. सुविधा खाली वाकली आणि सासूच्या कमरेला हात घातला. म्हातारीने तिचं मनगट पकडलं, नखं रुतवली. सुविधाने दुसऱ्या हाताने ती बोटं एकेक करून सोडवली. असं कुणाशी ती आयुष्यात वागली नव्हती. चावी हाताला लागली तेव्हा तिच्या तोंडून हुंदका फुटला, आणि त्या हुंदक्यातच तिने कुलूप काढलं.

माडाचा शेंडा पावसात धुमसत होता. कुंपणापाशी चिखलात बाबाजी उताणा पडला होता, एक चप्पल भलतीकडे उडालेली. गाय दोर तोडून पळाली होती. समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली चारपाच माणसं उभी होती.

"हात लाव नको गो!" त्यांच्यातला एक ओरडला. "आंगात करंट आसतलो!"

शालिनीवहिनी नवऱ्यापासून दोन हातांवर उभी राहून ऊर बडवत होती. सुविधा धावत गेली आणि तिच्याच शेजारी थांबली. पुढे पाऊल उचलेना. आता दार उघडं होतं, वारा होता, पाऊस होता, आणि तिचे पाय मात्र चिखलात रोवल्यासारखे झाले होते.

मागून कुणीतरी तिला बाजूला ढकललं.

पद्मावती होती. डोक्यावर पदर नव्हता, केस सुटलेले. वर पुन्हा कडाडलं तशी ती अंगभर शहारली, पण थांबली नाही. चिखलात बसून तिने बाबाजीचं डोकं मांडीवर घेतलं, छातीवर तळहात ठेवला आणि जोरजोराने चोळू लागली.

"करंट नाय रे आंगात!" दुकानाकडे बघून ती ओरडली. "माणूस आसा तो! त्या दिसा पण तुमी अशेच बघीत रवलात! माझो घोव पावसात पडलेलो आनी कोण हात लायना! हात लाया रे!"

पत्र्याखालची माणसं हलली. एकाने पाय धरले, दुसऱ्याने खांदे. सुविधाने हात पुढे केला तेव्हा बाबाजीचा दंड तिला गरम लागला, साध्या माणसाच्या दंडासारखा. ओसरीवर नेईपर्यंत तो कण्हला. कुणीतरी जीप आणली.

बाबाजी वाचला. उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं, बाकी धड राहिला. शालिनीवहिनी पद्मावतीच्या पाया पडायला आली तेव्हा पद्मावती भांडी घासत होती. ती उठलीसुद्धा नाही. सुनेच्या मनगटावर नखांचे चार व्रण होते, त्यांवर तिने खोबरेल लावलं.

सुविधाला वाटलं, आता सुटलो. दुसऱ्या दुपारी घाटावर ढग चढले, आणि पद्मावतीने उठून जनेलं ओढली, स्विच पाडला, कुलपं घातली.

"आये, काल तुम्हीच बाहेर आलात ना?"

"इलंय," पद्मावती म्हणाली. "म्हणान भय ग्येलां की काय?"

दोघी पाटांवर बसल्या. आता त्या काळोखात सुविधाला सासूचा श्वास ऐकू यायचा. वर कडाडलं की तो अडायचा आणि बऱ्याच वेळाने सुटायचा. मग त्याच्याबरोबर आपलाही श्वास अडतोय, हे तिच्या ध्यानात आलं. आधी नुसती कोंडल्याची चीड होती. आता चीडही धरवत नव्हती, आणि ते अधिक जड होतं.

मिरग लागला. गर्जना थांबली, पाऊस एका सुरात पडू लागला आणि दार पुन्हा उघडं राहू लागलं. सुविधा छत्री घेऊन कारखान्यात जाऊन आली. जागा कधीच भरली होती. ऑक्टोबरात नवीन बायका घेऊ, तेव्हा या, असं तिथल्या माणसाने सांगितलं.

"ऑक्टोबरात परतीचो पावस," पद्मावती म्हणाली. "विजो पडतत."

"पडू देत. मी जाणार, आये."

पद्मावतीने विळीवर हातातला पेडवा मासा साफ केला. मग तिने मान वर केली.

"थंय कारखान्यात दारां लायतत मगे, गडगडलां की? भितरसून?"

ती थट्टा करत नव्हती. सुविधाने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लावतात."

"बरां," म्हणून पद्मावतीने पुढचा पेडवा उचलला.