तोंड भिंतीकडं असलेली कोनशिला

मी कोनशिला. तोंड भिंतीकडं करून उभी आहे, म्हणून जरा जोरात बोलतेय. ऐकू येतंय ना?

मी काळी, जाड, इंदापुरात घासून गुळगुळीत केलेली. बारा वर्षांपूर्वी माझ्यावर कोरलं, ‘दूध संकलन केंद्र, भूमिपूजन’, खाली आमदारांचं नाव. नारळ फुटला, पेढे वाटले, माणसं पांगली. केंद्र काही झालं नाही. मी ग्रामपंचायतीच्या मागं पालथी पडले आणि शेजारची छबूबाई माझ्या पाठीवर कुरडया वाळवायला लागली. तेवढाच माझा उपयोग.

मग शकुबाईचा लेक ज्ञानेश गावी आला. तो आफ्रिकेत साखर कारखान्यावर केमिस्ट. तिथं आईबाप गेलेली बारा लेकरं त्याच्या अंगाखांद्यावर वाढत होती. त्यांना इकडं कळंबला आणायचं, शाळा काढायची, असं त्याच्या मनानं घेतलं. लेकरांचा फोटो बघून शकुबाईनं कालव्याकडेचं दोन एकर उसाचं रान शाळेच्या नावानं लिहून दिलं. “वाढत्याल की हितंच,” म्हणाली, आणि लागली बारा गोधड्या शिवायला.

पायाभरणीला मंत्रीसाहेब येणार ठरलं. तेच ते आमदार, आता मंत्री झालेले. सरपंच विजयसिंहांनी माझी पाठ थोपटली. “एवढा चांगला दगड हाय, पाठ कोरीच हाय. नवा कशाला?” झालं! पाठीवर नवी अक्षरं आली, ‘अनाथ बालकांची निवासी शाळा’. काय सांगू, असा आनंद झाला! तेच माझं खरं तोंड, असं मी धरून चालले. तरी जीव शांत नव्हता. पुन्हा ये रे माझ्या मागल्या झालं तर?

साहेब यायच्या दिवशी सकाळी एकच धांदल. सरपंच सोनबा गवंड्यावर खेकसले, “आरं, अक्षराची बाजू भायेर काढ, म्हंजे झालं!” सोनबाला वाचता येत नाही, आणि अक्षरं तर माझ्या दोन्ही अंगांना! त्यानं शकुबाईच्या रानात माझ्यापुरत्या बांधलेल्या भिंतीत हाताला लागली ती बाजू बाहेर काढली, सिमेंट थापलं, वर पडदा सोडला. अरे मेल्या, उलटी बसवलीस की रे मला! पण दगडाचं कोण ऐकतंय?

साहेबांनी दोरी ओढली. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. ‘दूध संकलन केंद्र.’ खाली साहेबांचंच नाव, तारखेसकट. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. सरपंच ओरडले, “फिरवा! आत्ताच्या आत्ता फिरवा!” सोनबा छिन्नी घेऊन धावला.

तेवढ्यात शकुबाई पुढं आली.

“थांब सोनबा, हात लावू नगंस. साहेब, राग मानू नगा, पर ह्यो दगड आसाच ऱ्हाऊ द्या. माजी बारा लेकरं तितं वाट बघत्यात. ती हितं येऊन निजली, की मग तुमीच या आन फिरवा.”

साहेबांनी माझ्यावरच्या आपल्याच नावावरून बोट फिरवलं.

“व्हय आक्का,” म्हणाले. “मीच येतो.”

त्याला दीड वर्ष झालं. पाया आखलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा कधीच पुसल्या. लेकरं आणायच्या परवानगीची फाईल कधी पुण्यात असते म्हणे, कधी दिल्लीत. गाडीचा आवाज आला की माझा जीव वरखाली होतो, आणि गाडी कारखान्याकडं निघून जाते.

ज्ञानेश फोनवर आईला लेकरं दाखवतो. परवा शकुबाई माझ्या सावलीला गोधड्या घेऊन बसली होती. एकेकीची कड उसवून वीतभर जोड देत होती.

“उंच व्हाया लागली गं पोरं,” मलाच म्हणाली. “आखूड पडत्याल.”

हा दुसरा जोड. बाबांनो, मला हार नको, गुलाल नको, नारळ तर मुळीच नको. तिसरा जोड द्यायची वेळ तिच्यावर येण्याआधी मला एकदा फिरवा.